डिमेन्शिया झालेल्या माणसाला घरी सांभाळताना: औषधं, आंघोळ, जेवण, रात्र

डिमेन्शियाच्या रुग्णाला सांभाळताना घरच्यांची सगळ्यात जास्त ताकद जाते ती समजावण्यात. तीच गोष्ट दहादा सांगायची, चूक दाखवायची, आठवण करून द्यायची. मग आवाज चढतो आणि शेवटी दोघंही थकतात. याला कारण मेंदूत आहे. अल्झायमरमध्ये नवी आठवण साठवणारा हिप्पोकॅम्पस हा भाग अगदी सुरुवातीला झिजतो. ‘आत्ताच तर सांगितलं’ हे आपल्यापुरतं खरं. त्या माणसाच्या डोक्यात ते कधी नोंदलंच गेलेलं नसतं. म्हणून खालचे बहुतेक उपाय एकाच दिशेचे आहेत. माणसाला बदलायचा हट्ट सोडायचा आणि त्याच्या भोवतालचं बदलायचं: उजेड, वेळ, कामाचा क्रम आणि आपली बोलायची पद्धत.

आधी निदान पक्कं करा

डिमेन्शिया हे एका आजाराचं नाव नाही. अनेक आजारांमुळे येणारी ती अवस्था आहे आणि त्यांत साधारण ६० ते ७० टक्के वाटा अल्झायमरचा असतो. बाकीच्यांत मेंदूच्या रक्तवाहिन्यांमुळे होणारा, ल्युई बॉडी (मेंदूच्या पेशींत प्रथिनाचे गोळे साठल्याने होणारा) आणि फ्रंटोटेम्पोरल (मेंदूचा पुढचा आणि बाजूचा भाग झिजल्याने होणारा) हे प्रकार येतात. ‘वय झालंय, विसरणारच’ असं म्हणून वर्ष-दोन वर्षं सहज निघून जातात. तसं करू नका, कारण विसराळूपणाची काही कारणं उपचाराने सुधारतात: बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईड कमी असणं, नैराश्य, डोक्याला मार लागल्यावर कवटीच्या आत हळूहळू साठलेलं रक्त. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवरचा ताबा सुटणं आणि विसरणं ही तीन लक्षणं एकत्र दिसली, तर मेंदूत पाणी साठण्याच्या विकाराची तपासणी करून घ्यावी लागते.

डॉक्टरांकडे जाताना दोन कागद न्या. एकावर सगळी औषधं, दुकानातून आपणहून आणलेल्या गोळ्यांसकट. दुसऱ्यावर तारखा घालून प्रसंग: कधी रस्ता चुकला, कधी गॅस चालू राहिला, कधी बिल दोनदा भरलं. ‘हल्ली विसरतात’ या वाक्यातून डॉक्टरांना फार काही मिळत नाही. रुग्णासमोर हे बोलणं अवघड असतं, तेव्हा कागद आधीच आत पाठवा.

प्रकार कळणं हा नुसता कागदोपत्री सोपस्कार नाही. ल्युई बॉडी प्रकारात हॅलोपेरिडॉलसारख्या मनोविकारावरच्या औषधाने माणूस लाकडासारखा ताठ होऊ शकतो, गुंगीत जाऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. हे निदान असेल तर ते मोठ्या अक्षरांत लिहून औषधांच्या फाईलच्या पहिल्या पानावर लावा. रात्री-अपरात्री इस्पितळात न्यावं लागलं, तर तिथल्या अनोळखी डॉक्टरांना ते पहिल्या नजरेत दिसलं पाहिजे.

औषधं काय करतात आणि कुठे चुकतं

डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, गॅलँटामिन आणि मेमँटिन ही नेहमीची औषधं. यांनी आजार मागे फिरत नाही. काही जणांत काही काळ गाडी थोडी सावरलेली राहते. फरक दिसत नाही म्हणून परस्पर बंद करू नका, उतरण एकदम जाणवू शकते. गेल्या काही वर्षांत लेकानेमॅबसारखी अँटिबॉडी औषधं आली आहेत. ती फक्त सुरुवातीच्या टप्प्यात चालतात, परिणाम माफक असतो आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होतो का हे पाहायला वारंवार एमआरआय लागतो.

डोनेपेझिल बहुधा ५ मिलिग्रॅमपासून सुरू होतं आणि चार ते सहा आठवड्यांनी १० वर नेतात. मळमळ, जुलाब, भूक मंदावणं हे सुरुवातीचे त्रास. झोपेत ओरडणं, भयानक स्वप्नं सुरू झाली तर रात्रीची गोळी सकाळी द्यायची का, ते डॉक्टरांना विचारा. पुष्कळदा तेवढ्याने भागतं. नाडी मंद होऊन चक्कर आली तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा.

रिव्हास्टिग्मिनच्या पॅचमध्ये (त्वचेवर चिकटवायच्या औषधी पट्टीत) होणारी चूक अगदी साधी आणि धोकादायक आहे: जुना न काढता नवा लावला जातो. दोन पॅच अंगावर राहिले की उलट्या होतात, नाडी मंदावते. म्हणून जुना पॅच हातात आल्याशिवाय नव्याचं पाकीट फोडायचं नाही, असा नियमच करा. २४ तासांनी पॅच बदलायचा, जागाही बदलायची, आणि त्याच जागी १४ दिवस पुन्हा लावायचा नाही. ‘उजवा दंड’, ‘डावी पाठ’ असं कॅलेंडरवर लिहून ठेवलं की घरातल्या दुसऱ्या माणसालाही कळतं. पॅच उपटून टाकायची सवय असेल तर पाठीच्या वरच्या भागावर लावा, तिथे हात पोचत नाही. काढलेल्या पॅचमध्येही औषध उरलेलं असतं; चिकट बाजू आत दुमडून मुलांच्या हाती लागणार नाही असा टाका. तीन दिवसांहून जास्त खंड पडला असेल तर आहे तोच डोस परत सुरू करू नका. कमी डोसपासून पुन्हा चढवत न्यावं लागतं.

आता विसराळूपणा वाढवणारी औषधं. डोनेपेझिलसारखी औषधं मेंदूतलं असिटिलकोलिन, म्हणजे आठवणीसाठी लागणारं रसायन, टिकवून धरतात. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांमधलं क्लोरफेनिरामिन, झोपेच्या काही गोळ्यांमधलं डायफेनहायड्रामिन, लघवीच्या घाईसाठीचं ऑक्सिब्युटिनिन आणि नैराश्यासाठीचं अमिट्रिप्टिलीन ही नेमकी त्याच असिटिलकोलिनचा मार्ग अडवतात. दोन्ही एकदम चालू असली की एकाने द्यायचं आणि दुसऱ्याने काढून घ्यायचं, असा प्रकार होतो. त्यातही एक साखळी नेहमी सापडते: डोनेपेझिलमुळे लघवीची घाई होते, ती नवा आजार समजून ऑक्सिब्युटिनिन सुरू होतं, आणि गोंधळ वाढला म्हणून तिसरं औषध येतं. नवं लक्षण दिसलं की ‘हे आधीच्या औषधाने तर नाही?’ हा प्रश्न आधी विचारा.

सही करता येते तोवर

मृत्युपत्र, मुखत्यारपत्र, बँक खात्यावर दुसरं नाव, पुढे कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत याचं लेखी म्हणणं, ही कामं निदानानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत उरका. आपण कशावर सही करतोय हे त्या माणसाला कळत असतं तोवरच त्या सहीला अर्थ असतो. मुखत्यारपत्र नेमकं कोणत्या प्रकारचं करायचं ते वकिलाला विचारूनच ठरवा, कारण काही ठिकाणी साधं मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की आपोआप निरुपयोगी होतं. गाडी चालवण्याचा विषयही याच काळातला. तो निर्णय डॉक्टरांच्या तोंडून आला तर घरातलं भांडण बरंच टळतं.

बोलायचं कसं

समोरून या, नजरेच्या पातळीला बसा, नाव घ्या, मग बोला. पाठीमागून खांद्यावर हात ठेवला तर दचकून फटका बसू शकतो आणि त्याला आपण ‘मारकुटेपणा’ म्हणतो. टीव्ही बंद करा. एका वाक्यात एकच काम सांगा. ‘बाबा, कपडे बदलून या’ यात सात-आठ कामं दडलेली आहेत. ‘बाबा, हा हात इथे घाला’ यात एकच आहे. सांगून झाल्यावर मनात दहा अंक मोजा. उत्तर यायला तेवढा वेळ लागतो. आपण तिसऱ्या सेकंदाला वेगळ्या शब्दांत तेच विचारलं, की त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

‘मला ओळखलंत का? सांगा बरं मी कोण?’ ही परीक्षा घेऊ नका. घरी येणारी मंडळी हौसेने घेतात. त्यांना दारातच सांगून ठेवा. त्याऐवजी ‘आई, मी सुनील, तुझा धाकटा’ असं स्वतःच म्हणून टाका. उत्तर हवंच असेल तर ‘काय घालशील?’ असं न विचारता दोन कपडे हातात धरून ‘हा की हा?’ विचारा.

प्रसंग विसरला जातो, पण त्यातून आलेली भीती किंवा बरं वाटणं पुढे बराच वेळ टिकतं. म्हणून वाद जिंकून काहीच हाती लागत नाही. वाद कशावरून झाला ते दहा मिनिटांनी आठवत नाही. मनातला राग संध्याकाळपर्यंत राहतो.

‘मला घरी जायचंय’ हे वाक्य जवळपास प्रत्येक घरात ऐकू येतं, तेही स्वतःच्याच घरात बसून. ‘हेच तर घर आहे’ हे उत्तर खरं असलं तरी कामाचं नाही. बहुतेकदा त्या मागणीत असुरक्षित वाटणं, भूक, लघवी, थंडी किंवा नुसता कंटाळा असतो. आधी भावनेला उत्तर द्या: ‘घरची आठवण येतेय का? कोण कोण असायचं तिथे?’ दोन मिनिटं ते बोलू द्या, मग बाथरूम, पाणी, अंगावर काही पांघरणं हे एकामागून एक तपासा, आणि हात धरून दुसऱ्या खोलीत न्या. वारलेल्या माणसाबद्दल विचारलं तरी हीच रीत. ‘ती गेली ना’ हे दरवेळी सांगितलं, तर त्यांना दरवेळी पहिल्यांदाच कळतं. खोटं बोलायला जड जात असेल, तर ‘तिची फार आठवण येते ना’ एवढं पुरतं, आणि ते खोटं नाही.

घरातले बदल

डोळे चांगले असले तरी समोरचं किती खोल आहे आणि फरशीची पातळी कुठे आहे हे ओळखणं या आजारात बिघडतं. काळं पायपुसणं खड्ड्यासारखं दिसतं, चकचकीत फरशी ओली वाटते, आणि माणूस दारात अडून बसतो. पायपुसणी, सुटे गालिचे काढून टाका. पायऱ्यांच्या कडांना वेगळ्या रंगाची पट्टी लावा. पांढऱ्या बाथरूममध्ये पांढरा कमोड शोधूनही सापडत नाही. सीट गडद रंगाची बसवा. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर मंद दिवे ठेवा आणि बाथरूमचं दार उघडंच ठेवा. आरशातला माणूस परका वाटायला लागला, तर आरसा झाका.

गॅसची मुख्य चावी वापरानंतर बंद करायची सवय सगळ्यांना लावा. औषधं, फिनेल, कात्री, इस्त्री कुलपात. बाथरूमची कडी आतून लागणार नाही अशी करा. मात्र सगळं घर एका दिवसात बदलू नका. ओळखीची खुर्ची हलवली तरी त्यांचा पूर्ण दिवस विस्कटतो.

आंघोळ

घरात सगळ्यात जास्त धुसफूस होते ती इथे, म्हणून जरा सविस्तर. नकाराची कारणं खरी असतात: थंडी वाजते, पाण्याच्या आवाजाची भीती वाटते, पाणी किती खोल आहे कळत नाही, आणि आपल्याच मुलासमोर किंवा सुनेसमोर कपडे काढायची लाज वाटते. विस्मरणात पुष्कळ काही गेलं तरी लाज बराच काळ शाबूत असते.

१. माणसाला आणण्याआधी सगळी तयारी पूर्ण हवी: दोन मोठे टॉवेल, एक छोटा रुमाल, साबण, घालायच्या क्रमाने ठेवलेले कपडे. मध्येच काही आणायला गेलात तर तेवढ्या वेळात माणूस घसरतो.

२. खोली उबदार करा. पाणी ३७ ते ३८ अंश सेल्सियस, कोपर बुडवून बघा. त्यांना गरम-गार नीट सांगता येत नाही, म्हणून गीझर ४९ अंशांच्या वर जाणार नाही असा लावा.

३. ‘आंघोळ करायची का?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’. विचारू नका. टॉवेल हातात द्या आणि म्हणा, ‘पाणी काढलंय, चला.’

४. पाठ असलेल्या, रबरी पायांच्या स्टुलावर बसवा. खाली न घसरणारी चटई, भिंतीला धरायचा दांडा. टॉवेल अडकवायचा बार वजनाने उखडतो. तो दांडा म्हणून चालत नाही.

५. खांद्यांवर आणि मांडीवर टॉवेल राहू द्या, त्याच्या खालून अंग धुवा. सुरुवात पायांपासून. डोक्यावर एकदम तांब्या ओतला की पुढचं सगळं बिघडतं. हँड शॉवर असेल तर धार बारीक ठेवा आणि तोंडाकडे नेऊ नका.

६. छोटा रुमाल त्यांच्या हातात द्या. हात गुंतलेला राहतो आणि थोडंफार स्वतःचं स्वतः होतं.

७. पुसताना चोळू नका, टिपा. त्याच वेळी त्वचा बघून घ्या: स्तनांखाली, जांघेत, माकडहाडावर, टाचांवर, पायाच्या बोटांमध्ये.

केस वेगळ्या दिवशी धुवा. पूर्ण आंघोळ आठवड्यातून दोन-तीनदा झाली तरी पुरते. बाकीच्या दिवशी चेहरा, काखा, जांघा आणि पाय ओल्या कपड्याने पुसा. रोज अंघोळ झालीच पाहिजे या हट्टापायी घरं रणांगण होतात. अंग ताठ झालं, मूठ वळली, आवाज चढला की तिथेच थांबा, कोरडं करा, अर्ध्या तासाने नव्याने या. तोवर ते विसरलेले असतात, आणि हा विसर इथे आपल्या बाजूचा आहे.

दात दिवसातून दोनदा, कवळी रात्री काढून पाण्यात. जेवायला अचानक नकार आला तर पहिल्यांदा तोंडात बघा. हिरडीवरचा फोड किंवा दुखरा दात हे नेहमी नजरेतून सुटणारं कारण आहे.

जेवण आणि गिळणं

ताटात एका वेळी एक-दोनच पदार्थ वाढा. ताट आणि पदार्थ यांच्या रंगात फरक असू द्या. पांढऱ्या ताटातला पांढरा पदार्थ दिसतच नाही, म्हणून तो राहतो. चमचा वापरता येईनासा झाला की हाताने उचलून खाता येतील असे तुकडे द्या. पाण्याचं ते विसरतात, म्हणून दर तास-दीड तासाने भांडं हातात द्या. हृदयाच्या किंवा किडनीच्या विकारामुळे डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली नसेल, तर दिवसाला साधारण दीड लिटर द्रव पोटात जायला हवा.

आजार पुढे गेला की गिळण्याची लय बिघडते. खाताना खोकला, घशात घरघर, जेवणानंतर ओलसर आवाज, गालात साठलेला घास, पुन्हा पुन्हा येणारा ताप ही चिन्हं. अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो आणि या आजारात तो मृत्यूचं मोठं कारण आहे. सरळ ताठ बसवून भरवा, हनुवटी किंचित खाली, छोट्या चमच्याने अर्धा घास, गिळल्याचं गळ्यावर दिसल्यावरच पुढचा. जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका. गुंगीत किंवा झोपाळलेल्या माणसाला अजिबात भरवू नका. पाण्यासारखे पातळ पदार्थ सगळ्यात आधी चुकीच्या नळीत जातात. ते किती घट्ट करायचे हे गिळण्याची तपासणी करणाऱ्या थेरपिस्टकडून ठरवून घ्या. गोळ्या कुटून देण्याआधी विचारा. हळूहळू विरघळणारी गोळी कुटली तर दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं.

दर महिन्याला त्याच काट्यावर वजन करा. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के उतरलं तर डॉक्टरांना कळवा.

शौच-लघवी

जाग आल्यावर, प्रत्येक जेवणानंतर, झोपण्याआधी आणि मध्ये दर दोन तासांनी स्वतःहून बाथरूममध्ये न्या. ‘लागलीय का?’ असं विचारून उपयोग नाही. अस्वस्थ फेऱ्या, कपड्यांशी चाळा, एकदम गप्प होणं या खुणा ओळखायला शिका. बटणं आणि नाडीऐवजी इलॅस्टिकचे कपडे वापरा. डायपर लागला तरी या फेऱ्या बंद करू नका, नाहीतर उरलासुरला ताबाही जातो. शौचाची तारीख लिहून ठेवा. तीन दिवस झाली नसेल तर बद्धकोष्ठता हेच चिडचिडीचं आणि गोंधळाचं कारण असू शकतं.

संध्याकाळ आणि रात्र

दुपार कलली की अस्वस्थता, संशय, येरझाऱ्या वाढतात. मेंदूतलं दिवस-रात्रीचं घड्याळ बिघडलेलं असतं, दिवसभराचा थकवा असतो, आणि उतरत्या उजेडात सावल्या माणसांसारख्या दिसतात. म्हणून अंधार पडायच्या आधीच दिवे लावा आणि पडदे ओढा. सकाळी किमान अर्धा तास बाहेरच्या उजेडात काढा. आंघोळ, डॉक्टर, पाहुणे ही सगळी दमवणारी कामं दुपारच्या आत. चहा-कॉफी दुपारनंतर नको. झोप दुपारी तीनच्या आत आणि अर्ध्या तासाची. संध्याकाळी हाताला काम द्या: रुमालाच्या घड्या, बटणं वेगळी करणं, जुने फोटो. घडी नीट पडली नाही तरी चालेल.

झोपेच्या गोळ्यांनी रात्र कधी कधी सुधारते, पण अर्धवट गुंगीत उठून पडल्याने खुब्याचं हाड मोडलं तर त्यानंतर अनेकांना पुन्हा धड चालता येत नाही.

संशय, भास, हात उगारणं

‘तूच चोरलंस’ हा आरोप बहुधा सगळ्यात जास्त करणाऱ्यावर येतो. वस्तू ठेवलेली आठवत नाही आणि ती जागेवर नाही, एवढंच त्यांच्या हाती असतं. मग मेंदू मधली रिकामी जागा चोराने भरतो. सफाई देऊ नका, ‘चला, शोधू या’ म्हणा. चष्मा, किल्ली, पाकीट यांचा एकेक जादा नग ठेवा. त्यांच्या लपवायच्या जागा ठरलेल्या असतात: उशीचा अभ्रा, बूट, कचऱ्याचा डबा. डबा रिकामा करण्याआधी आत बघा.

माणसं दिसतात, मुलं दिसतात असं म्हणत असतील आणि त्याची भीती वाटत नसेल, तर उपचाराची घाई करू नका. आधी चष्मा, मोतीबिंदू, ऐकण्याच्या यंत्राची बॅटरी आणि खोलीतला उजेड बघा.

हात उगारणं वारंवार होत असेल तर एक वही करा आणि तीन रकाने आखा: आधी काय चाललं होतं, काय झालं, नंतर काय केल्यावर निवळलं. नोंद अशी असावी: ‘४:४० – टीव्हीवर बातम्या, हॉलमध्ये चार जण बोलत होते. ४:५० – उठून दाराकडे, अडवल्यावर सुनेला ढकललं. ५:०० – आतल्या खोलीत नेलं, लघवी झाली, शांत.’ दोन आठवड्यांत नमुना दिसायला लागतो. या नोंदीतच दोन संशयित आहेत, गोंगाट आणि लघवी. पुढच्या वेळी ४:३० ला बाथरूमची फेरी करायची आणि टीव्ही बंद ठेवायचा.

हे सगळं करूनही स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याची वेळ आली, तरच मनोविकारावरची औषधं. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने २००५ मध्येच दिला. सुरू करताना डोस कमीत कमी, आणि ‘बंद कधी करायचं’ हा प्रश्न त्याच भेटीत विचारून घ्या. नाहीतर ती चिठ्ठी वर्षानुवर्षं तशीच पुढे चालू राहते.

एका-दोन दिवसांत एकदम बिघडलं तर

डिमेन्शिया बहुधा महिन्यांच्या चालीने वाढतो. काल बरा असलेला माणूस आज असंबद्ध बोलतोय, दिवसा पेंगतोय, हवेत काहीतरी पकडतोय, तर तो आजार ‘वाढलेला’ नाही. त्याला डिलिरियम म्हणतात आणि त्याच्यामागे शारीरिक कारण असतं: लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठता, लघवी अडणं, नवं औषध, वेदना, न दिसलेलं फ्रॅक्चर. म्हाताऱ्या माणसाला संसर्गात ताप येतोच असं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि ‘डिमेन्शिया आहेच, पण हा बदल कालपासूनचा आहे’ हे वाक्य आवर्जून बोला. तोंड वाकडं होणं, एका बाजूची ताकद जाणं, पडून डोक्याला मार लागल्यावर वाढती गुंगी, यांत एक मिनिटही घरी घालवू नका.

निघून जाणं

दाराची कडी नेहमीपेक्षा खूप वर किंवा खूप खाली लावली की सापडत नाही. घंटी बांधली की आवाज येतो. माणसाला घरात एकटं कोंडून कुलूप मात्र लावू नका, आग लागली तर सुटका नाही. नाव आणि घरच्यांचा फोन असलेलं, सहज न निघणारं ब्रेसलेट हातात हवं, कारण खिशातलं कार्ड कपड्यांबरोबर धुण्यात जातं. अलीकडचा फोटो मोबाईलमध्ये तयार ठेवा. हरवल्यास घर, गच्ची, आवार पंधरा मिनिटांत पालथं घाला आणि मग थेट पोलिसांना कळवा. वाट पाहत बसू नका. शोधताना पाण्याच्या जागा, झाडी आणि जुनं घर किंवा जुनं ऑफिस यांची दिशा आधी बघा.

कामाची वाटणी

एकट्या माणसाने हे निभत नाही. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणाऱ्या भावंडांना नेमकं काम आणि नेमका वार द्या: औषधं आणणं एकाचं, शनिवार दुपार दुसऱ्याची. पैशाने हातभार लावणाऱ्याचाही वाटा लिहून ठेवा, पुढची कटुता टळते. आठवड्यातला अर्धा दिवस घराबाहेर जाणं सांभाळणाऱ्याने हक्काने घ्यावं. केअरटेकर ठेवलात तर पहिले काही दिवस सोबत राहून, हाक कोणती मारायची, कशाने चिडतात, कशाने शांत होतात हे एका पानावर लिहून द्या. झोप उडणं, सतत रडू येणं, हात उचलावासा वाटणं ही वेळ डॉक्टरांकडे स्वतःसाठी जायची आहे. हात उचलावासा वाटला तर त्या क्षणी दुसऱ्या खोलीत जा; रुग्ण पाच मिनिटं एकटा राहिला तर बिघडत नाही.

अंथरुणाला खिळल्यावर

दर दोन तासांनी कूस बदला आणि वेळ लिहा. माकडहाड, टाचा, खुबे, कोपरं रोज बघा. लाल झालेली जागा बोटाने दाबल्यावर फिकी पडत नसेल तर शय्याव्रणाची (पडून राहून होणाऱ्या जखमेची) सुरुवात झालेली असते. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, तिथे जागा गरम, कडक किंवा सुजलेली लागते. त्या जागेवर मालिश करू नका आणि मध्ये भोक असलेली रबरी चक्रीही खाली नको, तिच्या कडांनी रक्तपुरवठा आणखी अडतो. पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा अधांतरी ठेवा. वर सरकवताना ओढू नका. खाली आडवी चादर घालून दोघांनी उचला.

दुखतंय हे ते सांगू शकत नाहीत, तेव्हा पेनॅड ही वेदना मोजायची मोजपट्टी वापरा: श्वास, आवाज, चेहरा, शरीराची ठेवण आणि धीर दिल्यावर शांत होणं, या पाच गोष्टींना ० ते २ गुण, एकूण १०. कूस बदलण्याआधी आणि बदलताना असे दोनदा गुण लिहा. हलवताना आकडा चढत असेल तर डॉक्टरांना सांगून, कूस बदलण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी वेदनाशामक बसेल अशी वेळ ठरवून घ्या.

तोंडाने खाणं थांबत आलं की नाकातून किंवा पोटातून नळी घालायचा प्रश्न येतो. शेवटच्या टप्प्यातल्या डिमेन्शियात नळीने आयुष्य वाढतं, न्यूमोनिया टळतो किंवा शय्याव्रण भरतात, असं दिसून आलेलं नाही. उलट नळी उपटू नये म्हणून हात बांधायची पाळी येते. ते घेतील तेवढे दोन-चार चमचे सावकाश भरवणं आणि तोंड ओल्या कापसाने पुसत राहणं, हा तिथे मान्य असलेला मार्ग आहे. हा निर्णय इस्पितळाच्या दारात रात्री दोन वाजता घ्यायची वेळ येऊ नये, म्हणून सगळ्या भावंडांनी पॅलिएटिव्ह केअरच्या (त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या) डॉक्टरांसमोर एकदा एकत्र बसून ठरवा आणि ते लिहून औषधांच्या त्याच फाईलमध्ये, निदानाच्या मागच्या पानावर ठेवा.